फिरत्या तंबूवरचा चित्रपट

धरण बांधले जाते, तेव्हा त्याच्या भिंतीची उंची सरकारी दप्तरात लिहिली जाते. रस्ता होतो, तेव्हा त्याचे मैल मोजले जातात. परंतु एखादे दुकान उठते, तेव्हा त्याची नोंद बहुधा कोठेच होत नाही. फळ्या लागतात, कुलूप पडते, वजने-मापे भंगारवाल्याकडे जातात, आणि दहा वर्षांनी त्या जागी काय होते हे सांगणारा माणूसही गावात सापडत नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील आजच्या जोयडे तालुक्याला पूर्वी सुपे तालुका म्हणत. तालुक्याचे ठाणे असलेले ते जुने सुपे गाव काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात गेले. कचेरी जोयड्यास आली, आणि उठलेल्या कुटुंबांपैकी अनेकांची वसाहत रामनगरला झाली. धरणाची उंची १०१ मीटर आहे, हे आज शाळेतले मूलही सांगू शकेल. परंतु नंदिगड्ड्यासारख्या रानातल्या गावाहून बाजारास उतरलेला माणूस सुप्यात कोणाच्या पायरीवर टेकत असे, मीठ-तेल कोणाकडे घेत असे, आणि त्याची उधारी कोणत्या वहीत मांडली जात असे, हे कोणत्या दप्तरातून काढावयाचे? वही पाण्याखाली जाण्यापूर्वीच फाटलेली असते. अशी माणसे आणि अशा जागा टिकवून धरण्याचे सामर्थ्य ज्या थोड्या साधनांत आहे, त्यांत चित्रपट हे एक आहे. मात्र तेथे पैशाचा प्रश्न आडवा येतो. बुडत्या दुकानावर चित्रपट काढण्यासाठी भांडवल कोण देणार? नफा पाहणारा देणार नाही, कारण ज्या धंद्यात नफा उरला नाही त्याचेच हे चित्रण असते.

मराठी मुलुखात एका धंद्याच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले. योगायोग असा की तो धंदा चित्रपट दाखविण्याचाच होता. यात्रा-जत्रांतून फिरणारा सिनेमाचा तंबू हे खरोखर एक फिरते दुकानच. माल गाडीत, गल्ला पेटीत आणि गिऱ्हाईक धुळीत बसलेले. हे दुकान कसे उभे राहिले, कसे उठले, आणि ते उठत असताना दोन माणसांनी अत्यल्प साधनांनी त्याचे चित्रण कसे केले, हा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

या इतिहासाचा आरंभही एका दुकानापासूनच होतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. तिकीट एक रुपया होते, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे. काही दिवसांतच खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले आणि तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत जागा ठेवण्यात आल्या. धंद्याचा पहिला धडा तेथेच मिळाला: चित्र तेच, परंतु दर उतरला की माणसांची रांग लांबते. हे नवल पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे छायाचित्रकार होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. मुंबईत त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय होता. त्यांनी ब्रॅडफर्डच्या रायली बंधूंकडून २१ गिनी मोजून चलच्चित्रांचा कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर झालेली पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. १९०१ च्या अखेरीस रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले, त्या स्वागताचेही चित्रण त्यांनी केले. राजवाडा नव्हे, लढाई नव्हे. एक कुस्ती आणि एका विद्वानाचे स्वागत! हिंदी माणसाने हिंदी माणसाचे घेतलेले पहिले चलच्चित्र असे घरगुती होते, आणि ते एका व्यावसायिकाने पदरमोड करून घेतले होते. पुढे आठ-दहा वर्षांतच सावेदादांनी हे सामान विकून टाकले.

चित्रे काढणे एक आणि ती गावोगाव पोचविणे दुसरे. हे दुसरे काम तंबूवाल्यांनी केले. अब्दुल्लाली इसूफअली यांनी १९०१ पासून ब्रह्मदेश, सिंगापूर, जावा-सुमात्रा या बाजूस तंबू नेला आणि १९०८ पासून ते हिंदुस्थानात फिरू लागले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद असे. चार खांबांवर तो उभा राही आणि त्यात हजार माणसे बसत. गाठोड्यात चाळीस-पन्नास लहान फिती असत, एकेक शे-दोनशे फुटांची. पुढे याच गृहस्थांनी अर्देशीर इराणी यांच्याशी भागी केली. आणि इराणी यांनीच १९३१ मध्ये 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट काढला. दक्षिणेत त्रिचनापल्लीचे स्वामीकण्णू व्हिन्सेंट हे रेल्वेत नोकरी करीत असत. १९०५ मध्ये त्यांनी द्युपाँ नावाच्या फ्रेंच माणसाचे यंत्र आणि फिती विकत घेतल्या, नोकरी सोडली आणि तंबू घेऊन निघाले. त्या फितींत प्रभू येशूच्या चरित्राची फीत होती. ज्या गावांत पाद्री पोचले नव्हते तेथेही ही फीत पोचली. आणि ज्यांना बायबल वाचता येत नव्हते, त्यांनी गोठ्यातला जन्म आणि क्रूसावरचे मरण धुळीत बसून पाहिले.

ख्रिस्तचरित्राची अशीच एक फीत मुंबईत १९१०-११ च्या सुमारास नाशिककडच्या एका गृहस्थाने पाहिली. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असता आपल्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनी पुढे १९१७ मध्ये 'नवयुगा'त लिहिले. एका धर्माच्या कथेने दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपल्या कथेची आठवण करून द्यावी, हा प्रसंग मोठा अर्थपूर्ण आहे. फाळक्यांना त्यात परकेपणा दिसला नाही, वाट दिसली.

फाळक्यांचे पुढचे वर्ष म्हणजे अल्प भांडवलाच्या चित्रपटाचे पाठ्यपुस्तकच होय. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. 'बायस्कोप' या साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ शिरले. संपादक कॅबर्न यांनी त्यांना प्रथम या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, परंतु निश्चय पाहून सेसिल हेपवर्थ या चित्रपटकाराकडे नेले. विल्यमसन कॅमेरा घेऊन फाळके परत आले. तथापि मोठा चित्रपट काढण्यास पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा रोखून ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्र घेत अंकुराचे रोप होईपर्यंतची वाढ एका लहानशा फितीत उतरविली. ही फीत पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. धंद्याच्या भाषेत हा मालाचा नमुना होता.

तरीही खर्च पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले. या बाईंचे नाव चित्रपटाच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहिले पाहिजे. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. आणि जेवणे आटोपल्यावर रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फितीला कडेची छिद्रे पाडण्याचे काम करीत, कारण फीत त्या काळी छिद्रांवाचून येई. ती धुण्यातही त्यांचा हात असे. तारामतीचे काम करण्यास कुलीन घरची स्त्री तर सोडाच, नाचगाण्याच्या व्यवसायातली बाईही मिळेना. तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके यांना दरमहा पंधरा रुपयांवर घेण्यात आले. अशा रीतीने ३,७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' पुरा झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लागला.

येथे एक बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. फाळके केवळ चित्रपट काढून थांबले नाहीत. पडदा, यंत्र आणि फिती बैलगाडीत घालून ते गावोगावी गेले. तिकिटे आण्या-पैशांची असत. त्यामुळे परतीच्या गाडीत नाण्यांचेच ओझे फार होई. शहरातल्या रुपयापेक्षा खेड्यातला पैसा वजनाने जड असतो, हे त्या बैलांनाच अधिक कळले असेल. निर्माता, वितरक आणि दुकानदार हे तिघेही एकाच गाडीवर बसले होते.

पडद्यावर प्रत्यक्ष दुकान आणि पेढी येण्यास आणखी बारा वर्षे लागली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार. परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने तो स्वतः घडविला. महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ मध्ये नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' काढला. कर्जात बुडालेला शेतकरी जमीन गमावतो आणि गिरणीत मजूर होतो, असा त्याचा विषय. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. पुराणातल्या राजांच्या जागी कर्जाची वही पडद्यावर आली. अर्थात तेथे पेढी ही पीडा देणारी होती, तिच्याविषयी करुणा वाटण्याचे कारण नव्हते. खेड्यातल्या दुकानाची ही दोन्ही रूपे खरी आहेत. तेच दुकान अडीअडचणीला उधार देते आणि तेच उधारीच्या फासात बांधते. म्हणून बुडणाऱ्या दुकानावर चित्रपट काढणाऱ्याने केवळ हळहळ दाखवून चालत नाही. त्या वहीत लिहिलेली व्याजाची ओळही वाचावी लागते.

'सावकारी पाशा'ची ती मूळ मूक प्रत आज अस्तित्वात नाही. 'आलम आरा'ही नाही. हिंदुस्थानात हजाराहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सुस्थितीत उरले. जुनी फीत नायट्रेटची, म्हणजे स्फोटक आणि नाशिवंत. खेळ संपला की तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी ती विकली जाई. १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून सापडेल ते गोळा केले. परंतु तोवर बराच उशीर झाला होता. ज्या धंद्याने साऱ्या जगाचे चित्र धरून ठेवण्याची प्रतिज्ञा केली, त्याला स्वतःचीच पहिली पाने सांभाळता आली नाहीत.

बोलपट आला तसे तंबूचे नाव बदलले. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' निघाला, आणि फिरत्या सिनेमाला लोक टूरिंग टॉकीज म्हणू लागले. गावात कायमचे चित्रगृह बांधावयाचे तर रोज गिऱ्हाईक हवे. रानात विखुरलेल्या घरांच्या गावाला किंवा दुष्काळी माणदेशातल्या वस्तीला ते परवडत नाही. तंबूचे गणित निराळे होते. रोजचे गिऱ्हाईक नसले तरी वर्षातून एकदा, जत्रेच्या दिवशी, पंचक्रोशी एका माळावर जमते. पाऊस संपला, दिवाळी झाली की तंबू बाहेर पडे आणि मृगाच्या तोंडावर घरी परते. पुसेगावचे सेवागिरी, पालचा खंडोबा, म्हसवडचा सिद्धनाथ अशा देवांच्या यात्रांच्या तिथ्या हेच तंबूवाल्याचे पंचांग.

तंबूतला खेळ म्हणजे केवळ चित्रपट नव्हे. दुपारीच मालमोटार येऊन थांबे. तिच्यातच यंत्र बसविलेले असे, त्यामुळे ते उतरविण्याचा खर्च वाचे. खांब रोवले जात, कनाती ताणल्या जात, पडदा चढे. भोंग्यावरून चित्रपटाचे नाव, नटांची नावे, मारामाऱ्यांची वाखाणणी आणि अधूनमधून हरवलेल्या मुलाची वर्णी असा सर्व मजकूर एकाच आवाजात चाले. देवदर्शन, पाळणा, भजी आणि सिनेमा हा जत्रेचा ठरलेला क्रम. आत खुर्च्या नसत. पोते, घोंगडे किंवा नुसती जमीन. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये दोर. चित्रपट ताजा नसे. शहरांत वापरून झिजलेली प्रत येथे येई, आणि तिच्यावर पावसाच्या धारांसारखे ओरखडे दिसत. फीत तुटली की शिट्ट्या होत, ती जोडली की टाळ्या होत. एका चाकावरून दुसऱ्या चाकावर फीत भरली जाई तोवर यंत्रवाल्याला श्वास घेण्यास फुरसत नसे. १,००० फुटांचे एक रीळ अकरा मिनिटांत संपते. अडीच तासांच्या चित्रपटाची लांबी साडेतेरा हजार फूट होते. ते सारे ओझे डब्यांत भरून गावोगाव न्यावयाचे, वेळेवर परत द्यावयाचे आणि रात्री पुन्हा उभे राहावयाचे, हा या धंद्याचा नित्यक्रम होता.

या तंबूचे गुणगान करताना त्याचे दोषही झाकू नयेत. तेथे गर्दीची शिस्त नसे, बायकांना नेहमीच सुखाने बसता येत नसे, आणि आगीचे भय तर कायमचेच असे. पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात ४ मे १८९७ रोजी चलच्चित्राच्या यंत्रापाशी लागलेल्या आगीत सव्वाशेच्या आसपास माणसे जळून मेली होती. ज्वालाग्राही नायट्रेट फितीचा वापर १९५० नंतर मागे पडला, तेव्हा ते भय कमी झाले. परंतु कापडी तंबू, रॉकेलचे दिवे आणि उघडी तार यांचा संसार धोक्याचाच होता. तरीही लोक येत, कारण त्यांना दुसरे काही नव्हते. आणि याहूनही खरे कारण असे की सर्वांनी मिळून पाहण्याचा आनंद त्यांना घरी मिळत नव्हता.

मग ते दुसरे काही आले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस दूरदर्शन सुरू झाले. पुढच्या दशकात व्हिडिओ आला, त्यानंतर घराघरांत तारेवाटे वाहिन्या आल्या. तंबूने हे सारे घाव सोसले. जत्रा जोवर भरते तोवर तंबू भरतो, असा त्याचा अनुभव होता. शेवटचा घाव मात्र प्रेक्षकाकडून आला नाही, मालाकडून आला. फीतच निघेनाशी झाली. फितीच्या व्यापारात शतकभर अग्रेसर असलेल्या कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. जपानच्या फूजी कंपनीने २०१३ मध्ये चित्रपटांसाठी फीत करणे थांबविले. चित्रपट आता फितीवरून संगणकीय स्वरूपात गेला. रिळांच्या डब्यांऐवजी उपग्रहावरून किंवा तबकडीतून येणारा माल आणि तो उघडण्यासाठी परवान्याची गुप्त किल्ली. फीत तुटली तर तंबूवाला दाताने फाडून जोडत असे. किल्ली मिळाली नाही तर तो काहीच करू शकत नाही. दुकान त्याचे राहिले, कुलूप दुसऱ्याचे झाले.

नेमक्या याच काळात दोन तरुण माणसे या तंबूंच्या मागे फिरत होती. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया हे दोघेही शिक्षणाने जनसंज्ञापनाच्या क्षेत्रातले. २००८ च्या सुमारास त्यांनी महाराष्ट्रातील फिरत्या सिनेमाचा अभ्यास हाती घेतला. बंगलोरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेने या संशोधनास साहाय्य दिले. आरंभी हातात मोठा कॅमेरा नव्हता, कथाही नव्हती. होती ती टिपणे आणि छायाचित्रे. मधेशिया यांनी पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांची छायाचित्रे घेतली. पडद्याचा उजेड चेहऱ्यावर घेऊन बसलेली, घोंगडीत गुरफटलेली, तोंड उघडे टाकून पाहणारी ती माणसे. या छायाचित्रमालिकेला २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत कला व मनोरंजन या विभागाचे पहिले पारितोषिक मिळाले. सिनेमा पाहणारा माणूस हाच पाहण्यासारखा आहे, हा शोध त्या चित्रांत होता.

त्यानंतर चित्रपट सुरू झाला, आणि तो वर्षानुवर्षे चालला. विषय असा की तो लिहून ठरविता येत नाही. तंबू यंदा उभा राहील की नाही, मोटार चालू होईल की नाही, जुने यंत्र विकले जाईल की नाही, हे तंबूवाल्यालाच ठाऊक नसते. मग चित्रपटकाराला कोठून ठाऊक असणार? अशा कामात भाडोत्री पथक परवडत नाही. कॅमेरा मधेशिया यांनी स्वतः चालविला. दिग्दर्शन आणि निर्मिती दोघांची. पुढे सनडान्ससारख्या परदेशी संस्थांचे साहाय्य मिळाले, तेही तुकड्या-तुकड्यांनी. फाळक्यांच्या काळी विम्याची पॉलिसी होती, यांच्या काळी अनुदानाचे अर्ज होते. तारण बदलले, परंतु तंगी तीच राहिली.

'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या नावाने हा चित्रपट २०१६ मध्ये कान महोत्सवात प्रथम दाखविला गेला. तेथे माहितीपटांसाठी असलेल्या 'सुवर्णनेत्र' पारितोषिकाच्या परीक्षकांनी त्याचा विशेष उल्लेख केला. आणि भारताच्या ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. चित्रपटात मुख्य माणसे तीन. दोघे तंबूचे धनी, आणि तिसरा यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर. या तिसऱ्याचे दुकान हेच कदाचित साऱ्या कथेचे मर्म आहे. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची यंत्रे बरी केली. स्वतःच्या कल्पनेने एक नवे यंत्रही घडविले. परंतु यंत्र आणणारेच कोणी उरले नाही, तर वैद्याने औषध कोणाला द्यावे? तंबूवाले निदान नवे यंत्र घेऊन धंदा पुढे रेटू शकतात. या कारागिराचे ज्ञान मात्र त्याच्या बोटांत आहे, आणि बोटे दुसऱ्याला देता येत नाहीत. शंभर वर्षांचे यंत्र भंगारात वजनावर जाते, तेव्हा लोखंडाची किंमत येते. त्यातल्या कौशल्याची येत नाही.

याच विषयाला मराठी कथाचित्रानेही हात घातला होता. गजेंद्र अहिरे यांचा 'टुरिंग टॉकीज' हा चित्रपट २०१३ मध्ये आला. तृप्ती भोईर या त्याच्या निर्मात्या आणि तंबू चालविणाऱ्या स्त्रीच्या प्रमुख भूमिकेतही त्याच होत्या. त्यापूर्वी २००९ मध्ये परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त फाळक्यांचीच धडपड हसत-खेळत सांगितली, आणि तो चित्रपट भारताच्या वतीने ऑस्करसाठी पाठविला गेला. चित्रपटांनी आपल्याच घराण्याचा इतिहास सांगावयास घेतला, हे एका अर्थी वय झाल्याचे लक्षण आहे. माणूसही उतारवयातच आजोबांची गोष्ट सांगू लागतो.

असे चित्रपट पैशावाचून कसे निघतात, याचे उत्तर इतिहासाने एकाच प्रकारे दिलेले नाही. फाळक्यांनी घरातले सोने दिले. पेंटरांनी यंत्रच स्वतः घडविले. १९७६ मध्ये श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'साठी गुजरातेतील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख उभे राहिले. त्याच्या पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात होता. स्वतःच्या दूधसंघाची गोष्ट पाहण्यासाठी ते शेतकरी मग गाड्या भरभरून चित्रगृहांत आले. २००४ मध्ये संदीप सावंत यांचा 'श्वास' ऑस्करसाठी निवडला गेला, तेव्हा अमेरिकेतल्या प्रसिद्धीच्या खर्चासाठी महाराष्ट्रातल्या सामान्य माणसांनी वर्गणी दिली. या सर्व उदाहरणांत एक धागा समान आहे. ज्यांची गोष्ट आहे त्यांनी, किंवा ज्यांना ती गोष्ट आपली वाटली त्यांनी, आधी खिशात हात घातला आणि मग पडद्याकडे पाहिले.

येथे एक विरोधाभास नजरेआड करता येत नाही. फितीच्या मरणाची ही कथा टिपली गेली ती फितीला मारणाऱ्या नव्या तंत्रामुळेच. फितीवर पाच-सहा वर्षे चित्रण करीत राहावयाचे म्हटले असते, तर केवळ कोऱ्या मालाच्या खर्चातच ते दोघे चित्रपटकार बुडाले असते. नव्या कॅमेऱ्याने हे काम स्वस्त केले. ज्या लाटेने तंबूवाल्याचे घर वाहून नेले, तिनेच त्याची आठवण काठावर आणून ठेवली. तेव्हा नव्याचा नुसता द्वेष करून भागत नाही. प्रश्न असा विचारला पाहिजे की नव्याने जे हिरावले त्याच्या बदल्यात त्याच्याकडून आपण काय वसूल करून घेतले?

हा हिशेब गावागावाने करावयाचा आहे. आज खेड्यातल्या तरुणाच्या खिशात जे यंत्र असते, त्याची बरोबरी सावेदादांच्या एकवीस गिनींच्या कॅमेऱ्याला करता आली नसती. परंतु त्या यंत्रात लग्नाची वरात असते, पावसातला धबधबा असतो. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार नसतो. त्याची तागडी, त्याची वही, पुडी बांधण्याची त्याची हातोटी, गिऱ्हाईक पाहताच कोणत्या भाषेत बोलावे हे ओळखण्याची त्याची सवय, आणि त्याने कोणाला उधार दिले व कोणाला नाकारले याची हकीकत ही सारी त्या गावाची दप्तरे आहेत. सीमेवरच्या मुलुखात तर अशा एका दुकानात कोकणी, मराठी आणि कानडी एकाच तागडीत तोलल्या जातात. त्या दुकानाच्या फळ्या लागण्यापूर्वी कोणी तासभर कॅमेरा रोखून बसला, मालकाला प्रश्न विचारले, वर्ष आणि नाव नीट लिहून ठेवले आणि त्याची एक प्रत शाळेत व एक संग्रहालयात दिली, तर त्याला पुरस्कार मिळणार नाही कदाचित. परंतु गाव त्याचे ऋणी राहील.

सुप्याच्या बाजारात अशी वेळ कोणाला मिळाली असती, तर आज काळीच्या पाण्याकडे पाहणाऱ्या नातवाला आजोबांच्या दुकानाची पायरी दाखविता आली असती. पाणी चढत होते तेव्हा असा कॅमेरा कोणाच्या खिशात नव्हता. आज तो आहे, आणि अनेक दुकाने अजून उघडी आहेत.